क्लास सापडत नाही? जावा तो नेमका कुठे शोधते, ते आधी पाहा

प्रोग्रॅम कंपाइल झाला, कंपायलरने एक शब्दही तक्रार केली नाही, आणि चालवायला गेल्यावर टर्मिनलवर ओळ उमटली: 'कुड नॉट फाइंड ऑर लोड मेन क्लास'. फाइल तर समोर दिसते आहे! मग नवशिका माणूस काय करतो? फाइल इकडून तिकडे हलवतो, पॅकेजची (क्लासांच्या गटाचं नाव सांगणारी) ओळ काढून टाकतो, इंटरनेटवर मिळालेली आज्ञा जशीच्या तशी चिकटवतो. कधीतरी प्रोग्रॅम चालतो, पण का चालला ते कळत नाही. मग पुढच्या वेळी पुन्हा तेच.

यातलं काही करायची गरज नाही. जावा क्लास शोधते ती पद्धत फार साधी आहे. ती एकदा डोक्यात बसली, की या प्रकारच्या बहुतेक एररचं उत्तर कागदावर एक ओळ लिहून काढता येतं.

खालच्या आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या. 'जावासी' म्हणजे कंपायलरची आज्ञा, 'जावा' म्हणजे प्रोग्रॅम चालवायची. पॅकेजची नावं पूर्ण लहान अक्षरांत आहेत आणि क्लासच्या नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल आहे, असं धरून चाला.

शोधाचा नियम

समजा आपल्याकडे 'अ‍ॅप.हिशोब' या पॅकेजमध्ये 'सुरुवात' नावाचा क्लास आहे. मेन मेथड त्यातच आहे. या क्लासचं पूर्ण नाव 'अ‍ॅप.हिशोब.सुरुवात'. नुसतं 'सुरुवात' हे जावाच्या दृष्टीने वेगळ्याच क्लासचं नाव आहे: ज्याला पॅकेजच नाही अशा क्लासचं.

तुम्ही जावा आज्ञेला क्लासचं पूर्ण नाव देता. ती त्या नावातल्या प्रत्येक टिंबाच्या जागी फोल्डरची तिरकी रेघ घालते, शेवटी '.क्लास' जोडते, आणि हे सगळं क्लासपाथवरच्या (क्लास कुठे शोधायचे त्या जागांच्या यादीतल्या) प्रत्येक फोल्डरपुढे लावून पाहते. क्लासपाथवर 'आउट' हा फोल्डर असेल तर:

आउट + अ‍ॅप/हिशोब/सुरुवात.क्लास

म्हणजे 'आउट/अ‍ॅप/हिशोब/सुरुवात.क्लास' ही फाइल असली पाहिजे. असली तर उघडली जाते, नसली तर क्लासपाथवरची पुढची जागा. सगळ्या जागा संपल्या की एरर. जावा आतल्या फोल्डरांत शिरून शोधत नाही, तुमच्या मनात काय होतं याचा अंदाज बांधत नाही.

फाइल सापडल्यावर आणखी एक तपासणी होते. कंपाइल झालेल्या फाइलच्या आत क्लासचं पूर्ण नाव लिहिलेलं असतं. मागितलेलं नाव आणि आतलं नाव जुळलं नाही, तर जावा तो क्लास घेत नाही.

एवढंच. यापुढे जे येतं आहे ते या दोन वाक्यांचे परिणाम आहेत.

आधी एक बरोबर चालणारी मांडणी

बिघाड शोधण्याआधी एक निरोगी प्रकल्प हाताशी हवा. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये 'सोर्स' आणि 'आउट' असे दोन फोल्डर करा. सोर्सच्या आत अ‍ॅप, त्याच्या आत हिशोब, आणि त्यात सुरुवात.जावा आणि बेरीज.जावा या दोन फाइली. दोन्हींच्या पहिल्या ओळीत पॅकेजचं नाव 'अ‍ॅप.हिशोब'. आता टर्मिनल प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच ठेवून:

जावासी -डी आउट सोर्स/अ‍ॅप/हिशोब/सुरुवात.जावा सोर्स/अ‍ॅप/हिशोब/बेरीज.जावा

जावा -सीपी आउट अ‍ॅप.हिशोब.सुरुवात

पहिल्या आज्ञेतलं '-डी आउट' महत्त्वाचं आहे. ते दिलं की कंपायलर पॅकेजच्या नावाप्रमाणे आउटच्या आत फोल्डर स्वतः बनवतो आणि क्लासच्या फाइली नेमक्या जागी ठेवतो. ते दिलं नाही तर क्लासची फाइल सोर्स फाइलच्या शेजारीच पडते. मग चालवताना क्लासपाथ 'आउट' नाही, 'सोर्स' द्यावा लागतो. नवशिक्यांनी '-डी' सुरुवातीपासून वापरावं, असं माझं स्पष्ट मत आहे. सोर्स एकीकडे, तयार माल दुसरीकडे. शंका आली तर आउट पूर्ण रिकामा करून पुन्हा कंपाइल करता येतं. जुन्या, मागे राहून गेलेल्या क्लास फाइलींमुळे होणारे घोटाळे त्याने मुळातच टळतात.

दुसऱ्या आज्ञेत '-सीपी' ने क्लासपाथ दिला आहे. त्यानंतर फाइलचा पत्ता नाही, क्लासचं नाव आहे. कंपायलरला फाइल द्यायची, चालवणाऱ्याला क्लासचं नाव. हा फरक लक्षात न आल्यामुळेच पहिला एरर येतो.

चार चुका आणि त्यांचे संदेश

एररची फक्त पहिली ओळ वाचून थांबू नका. 'कॉज्ड बाय' ने सुरू होणारी खालची ओळ खरी माहिती देते.

पहिली चूक: 'जावा सुरुवात.क्लास' असं लिहिणं. टर्मिनलवर टॅब दाबल्यावर फाइलचं नाव आपोआप पूर्ण होतं, त्यामुळे हे सहज होतं. जावाला वाटतं, 'सुरुवात' हे पॅकेज आणि त्यातला 'क्लास' नावाचा क्लास मागितला आहे. 'सुरुवात/क्लास.क्लास' अशी फाइल नसते, म्हणून क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन. संदेशातल्या नावाच्या शेवटी '.क्लास' दिसलं की दुसरं काही शोधू नका, तेवढं खोडा.

दुसरी चूक: टर्मिनल घेऊन थेट आउट/अ‍ॅप/हिशोब या फोल्डरमध्ये जाणं आणि 'जावा सुरुवात' म्हणणं. इथे फाइल सापडते, पण आतलं नाव जुळत नाही. संदेश येतो: 'नोक्लासडेफफाउंडएरर: सुरुवात', आणि पुढे कंसात 'राँग नेम: अ‍ॅप/हिशोब/सुरुवात'. हा संदेश मला फार उपयोगाचा वाटतो, कारण उत्तर त्यातच लिहिलेलं आहे. 'राँग नेम' च्या पुढे जे आहे तेच क्लासचं खरं पूर्ण नाव. त्यात पॅकेजचे जितके भाग आहेत तितके फोल्डर वर चढा, इथे दोन, आणि तिथून पूर्ण नावाने चालवा.

तिसरी चूक दुसरीतूनच निघते. पूर्ण नाव लागतं हे कळलं, पण टर्मिनल अजून आतल्याच फोल्डरमध्ये आहे. 'जावा अ‍ॅप.हिशोब.सुरुवात' म्हटलं की शोध होतो अ‍ॅप/हिशोबच्या आत आणखी एका अ‍ॅप/हिशोबमध्ये. क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन. '-सीपी आउट/अ‍ॅप/हिशोब' असं लिहिलं तरी परिणाम तोच. क्लासपाथवर नेहमी पॅकेज जिथून सुरू होतं त्याच्या वरचा फोल्डर हवा. पॅकेजमधला फोल्डर क्लासपाथवर ठेवणं जवळजवळ कधीच बरोबर नसतं.

चौथी लहान-मोठ्या अक्षरांची. विंडोजवर आणि मॅकच्या नेहमीच्या मांडणीत फाइलींच्या नावांत लहान-मोठं अक्षर सारखंच धरलं जातं, त्यामुळे क्लासचं नाव लहान अक्षरांत दिलं तरी फाइल सापडते. पण आतलं नाव जुळत नाही आणि पुन्हा 'राँग नेम' येतो. लिनक्सवर फाइलच सापडत नाही. एकच चूक, दोन यंत्रांवर दोन संदेश. म्हणून 'माझ्याकडे वेगळाच एरर येतो' असं मित्र म्हणाला तर लगेच वेगळं कारण धरू नका.

संदेश 'मेन मेथड नॉट फाउंड इन क्लास' असा असेल, तर क्लासपाथ सोडून द्या. क्लास सापडला आहे, उघडलाही आहे; फक्त आत अपेक्षित रूपाची मेन मेथड नाही. जावा 25 च्या आधीच्या आवृत्त्यांत पब्लिक, स्टॅटिक, व्हॉइड आणि स्ट्रिंगचा अ‍ॅरे, हे चारही शब्द जागेवर आहेत का ते बघा.

जावा 11 पासून 'जावा सुरुवात.जावा' असं थेट सोर्स फाइल देऊनही प्रोग्रॅम चालतो. तेव्हा तो मेमरीतच कंपाइल होतो, क्लासची फाइल तयार होत नाही. एका फाइलच्या छोट्या प्रयोगाला हे उत्तम. मात्र ती फाइल शेजारच्या बेरीज.जावावर अवलंबून असेल तर जावा 22 च्या आधीच्या आवृत्त्यांत हे जमत नाही, आणि 'कॅनॉट फाइंड सिम्बॉल' असा कंपाइलचाच एरर चालवताना दिसतो. एकदा थेट चालवलं, एकदा कंपाइल करून, अशी सरमिसळ शिकताना टाळलेली बरी.

न दिसणारा क्लासपाथ

'-सीपी' दिलंच नाही तर? तेव्हा जावा 'क्लासपाथ' नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नाव देऊन ठेवलेली सेटिंग, बघते. तोही नसेल तर टर्मिनल ज्या फोल्डरमध्ये आहे तो फोल्डर, म्हणजे एक टिंब, हाच क्लासपाथ.

खरी गोम इथे आहे. व्हेरिएबल लावलेला असेल, आणि त्यात टिंब नसेल, तर चालू फोल्डर क्लासपाथवर नसतोच. मग सगळं बरोबर असूनही, अगदी पॅकेज नसलेला एका ओळीचा प्रोग्रॅमसुद्धा, 'क्लास सापडत नाही' म्हणतो. पूर्वी कधी एखाद्या सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलरने किंवा जुन्या मार्गदर्शनाप्रमाणे तुम्हीच तो लावलेला असू शकतो. तपासायला:

लिनक्स आणि मॅकवर: इको $क्लासपाथ
विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर: इको %क्लासपाथ%

इथे व्हेरिएबलचं नाव पूर्ण कॅपिटल अक्षरांत. विंडोजवर नुसतं '%क्लासपाथ%' हेच परत छापलं गेलं तर व्हेरिएबल लावलेला नाही. दुसरं काही छापलं गेलं तर तो व्हेरिएबल काढून टाका आणि क्लासपाथ दर वेळी '-सीपी' ने द्या. '-सीपी' दिलं की व्हेरिएबलकडे पाहिलंच जात नाही. दोन्हींची बेरीज होत नाही. प्रत्येक प्रकल्पाला वेगळा क्लासपाथ लागतो, तो साऱ्या यंत्रासाठी एकच बांधून ठेवणं चुकीचंच आहे.

'पाथ' आणि 'क्लासपाथ' यांची गल्लतही इथेच उलगडून घ्या. 'जावासी ही आज्ञा ओळखता येत नाही' अशा अर्थाचा संदेश आला तर तो 'पाथ' चा प्रश्न, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला जावाच सापडत नाही. जावा सुरू होऊन तिला तुमचा क्लास सापडला नाही, तर 'क्लासपाथ' चा.

लायब्ररी आली की

आता प्रोग्रॅमला 'लिब' फोल्डरमधली 'तारीख.जार' ही बाहेरची लायब्ररी लागते असं समजा. जार ही एक दाबून बांधलेली फाइल. तिच्या आत तशीच पॅकेजप्रमाणे फोल्डरांची रचना असते. क्लासपाथवर जारचं नाव स्वतः लिहावं लागतं. ती ज्या फोल्डरमध्ये आहे तो फोल्डर लिहून भागत नाही, कारण फोल्डरमध्ये जावा क्लासच्या सुट्या फाइली शोधते, जार उघडून बघत नाही.

लिनक्स आणि मॅकवर दोन जागांच्या मध्ये अपूर्णविराम:

जावा -सीपी आउट:लिब/तारीख.जार अ‍ॅप.हिशोब.सुरुवात

विंडोजवर अर्धविराम, आणि अवतरणचिन्हांत:

जावा -सीपी "आउट;लिब/तारीख.जार" अ‍ॅप.हिशोब.सुरुवात

अवतरणचिन्हं शोभेची नाहीत. विंडोजच्या पॉवरशेल या टर्मिनलमध्ये उघडा अर्धविराम म्हणजे आज्ञा संपली. लिनक्सवर विंडोजची आज्ञा अवतरणांशिवाय चिकटवली तरी तसंच होतं: पहिला तुकडा 'जावा -सीपी आउट' एवढाच चालतो आणि जावा वापरण्याची लांबलचक माहिती छापली जाते, मग लिब/तारीख.जार ही स्वतंत्र आज्ञा समजून 'परमिशन डिनाइड' येतं. दोन असंबद्ध गोष्टी एकापाठोपाठ दिसल्या की विभाजक चिन्ह बघा. उलट, विंडोजवर अपूर्णविराम दिला तर सगळा मजकूर एकच विचित्र पत्ता समजला जातो आणि क्लास सापडत नाही. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल तरीही अवतरणं हवीतच.

जार पुष्कळ असतील तर 'लिब/*' लिहिता येतं, याचा अर्थ त्या फोल्डरमधल्या सगळ्या जार. आतल्या उपफोल्डरांमधल्या नाहीत, सुट्या क्लास फाइलीही नाहीत. 'लिब/*.जार' असं मात्र लिहू नका. जावाला फक्त नुसता तारा समजतो. आणि ताराही अवतरणांतच ठेवा, नाहीतर लिनक्सचा शेल (टर्मिनलवरची आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम) जावाच्या आधीच त्याचा विस्तार करून नावं मोकळ्या जागेने वेगळी करतो, आणि दुसऱ्या जारचं नाव मेन क्लास म्हणून धरलं जातं.

कंपाइल करतानाही हाच क्लासपाथ द्यावा लागतो. तो राहिला तर 'पॅकेज डझ नॉट एक्झिस्ट' असा एरर येतो आणि इम्पोर्टच्या ओळीकडे बोट दाखवलं जातं. इम्पोर्ट बहुतेक वेळा बरोबर असतो. इम्पोर्टने काहीही आणलं जात नाही, ती फक्त लांब नावाऐवजी छोटं नाव वापरायची सोय आहे. क्लास आणतो तो क्लासपाथ.

सापडला नाही, की हरवला?

क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन आणि नोक्लासडेफफाउंडएरर ही नावं सारखी वाटतात, पण सांगतात वेगळं. पहिलं येतं जेव्हा कुणीतरी क्लास नावाने मागितलेला असतो: जावा आज्ञेने मेन क्लास, किंवा एखाद्या फ्रेमवर्कने सेटिंगच्या फाइलमधलं नाव वाचून. तिथे आधी नावाचं स्पेलिंग तपासा. दुसरं येतं जेव्हा कंपाइल करताना क्लास होता, त्याच्यावर भिस्त ठेवून कोड तयार झाला, आणि चालवताना तो जागेवर नाही. तिथे नाव कंपायलरनेच लिहिलेलं असल्यामुळे स्पेलिंग बरोबरच असतं. चालवतानाच्या आज्ञेत एखादी जार राहिली का ते बघा. ओळखायची आणखी एक खूण: पहिल्याच्या संदेशात नावात टिंबं असतात, दुसऱ्याच्या संदेशात सहसा तिरक्या रेघा.

वरचा 'राँग नेम' सोडला तर याला आणखी एक अपवाद आहे, आणि त्यात अनुभवी लोकही बराच वेळ घालवतात. नोक्लासडेफफाउंडएररच्या पुढे 'कुड नॉट इनिशियलाइझ क्लास' असं लिहिलेलं असेल, तर क्लास सापडलेला आहे. त्याचा स्टॅटिक भाग आधी एकदा चालताना कोसळला, म्हणून जावा आता तो क्लास वापरू देत नाही. लॉगमध्ये वर जा. तिथे कुठेतरी 'एक्सेप्शनइनइनिशियलायझरएरर' असेल, खरं कारण त्याच्याखाली आहे. क्लासपाथला हात लावायची गरज नाही.

'अनसपोर्टेडक्लासव्हर्जनएरर' सुद्धा याच घरातला वाटतो, पण तो आवृत्तीचा प्रश्न आहे. नव्या जावाने कंपाइल केलं आणि जुन्या जावाने चालवलं. संदेशात आकडे असतात: 52 म्हणजे जावा 8, 55 म्हणजे 11, 61 म्हणजे 17, 65 म्हणजे 21. आकड्यातून 44 वजा करा, आवृत्ती मिळते. यंत्रावर दोन जावा असल्या की हे हमखास होतं. 'जावा -व्हर्जन' आणि 'जावासी -व्हर्जन' दोन्ही चालवून आकडे जुळतात का बघा. जुन्या जावासाठीच बनवायचं असेल तर कंपाइल करताना '--रिलीज 17' असं सांगा. हा पर्याय जावा 9 पासून आहे.

आणि 'नोसचमेथडएरर'? क्लास सापडला, पण चुकीचा सापडला. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या क्लासपाथवर असल्या की जी आधी लिहिलेली ती जिंकते, दुसरीकडे कुणी बघतही नाही. 'लिब/*' वापरलं असेल तर जारचा क्रमही ठरलेला नसतो, त्यामुळे एका यंत्रावर चालतं, दुसऱ्यावर नाही. लिब फोल्डर उघडून एकाच नावाच्या, वेगळ्या आकड्यांच्या दोन जार शोधा आणि एक काढा.

अंदाज सोडून जावालाच विचारा

तर्क करून थकलात की या आज्ञा वापरा.

जावा -व्हर्बोस:क्लास -सीपी आउट अ‍ॅप.हिशोब.सुरुवात

यात प्रत्येक क्लास कुठून घेतला ते छापलं जातं. यादी फार लांब येते, म्हणून ती फाइलमध्ये वळवून आपल्या क्लासचं नाव शोधा. चुकीची जार पकडायला यासारखं साधन नाही.

जार टीएफ लिब/तारीख.जार

ही जारच्या आतल्या सगळ्या फाइलींची यादी दाखवते. हवा तो क्लास आत आहे का, आणि कुठल्या फोल्डरखाली, हे क्षणात दिसतं. सगळ्या फाइली एका जास्तीच्या 'आउट' फोल्डरखाली दिसल्या, तर जार एक पायरी वरून बांधली गेली आहे.

जावापी आउट/अ‍ॅप/हिशोब/सुरुवात.क्लास

ही क्लासच्या फाइलीच्या आत लिहिलेलं पूर्ण नाव दाखवते. कुणीतरी पाठवलेली सुटी क्लास फाइल कुठल्या पॅकेजची आहे हे कळायचा हा सरळ मार्ग.

जारमधून चालवताना

तुमचा प्रोग्रॅमच जार करून द्यायचा असेल तर:

जार सीएफई हिशोब.जार अ‍ॅप.हिशोब.सुरुवात -सी आउट .

यातलं '-सी' कॅपिटल, आणि शेवटचं टिंब आज्ञेचाच भाग आहे. '-सी आउट' मुळे बांधणी आउटच्या आतून होते, म्हणून वर सांगितलेली जास्तीची पायरी येत नाही. मेन क्लासचं नाव सांगायचं राहिलं तर चालवताना 'नो मेन मॅनिफेस्ट अ‍ॅट्रिब्यूट' येतं. मॅनिफेस्ट म्हणजे जारच्या आतली, तिची माहिती सांगणारी फाइल. ती हाताने लिहीत असाल तर शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबायला विसरू नका; तो नसला तर ती ओळ वाचली जात नाही.

'जावा -जार हिशोब.जार' म्हटलं की '-सीपी' आणि व्हेरिएबल दोन्हींकडे दुर्लक्ष होतं. '-सीपी लिब/तारीख.जार -जार हिशोब.जार' ही आज्ञा दिसायला इतकी योग्य आहे की त्यात दोष असेल असं वाटतच नाही, पण तारीख.जार कधीच घेतली जात नाही आणि एररही त्याबद्दल काही सांगत नाही. दोन मार्ग आहेत. एक, '-जार' सोडून द्या आणि हिशोब.जार व तारीख.जार दोन्ही '-सीपी' मध्ये घालून मेन क्लासचं नाव द्या. दोन, मॅनिफेस्टमध्ये 'क्लास-पाथ' या ओळीत लायब्ररींची नावं लिहा. त्या ओळीत नावांच्या मध्ये मोकळी जागा असते, अपूर्णविराम नाही, आणि पत्ते हिशोब.जार जिथे आहे तिथून मोजले जातात, टर्मिनल जिथे आहे तिथून नाही.

आयडीईमध्ये चालतं, बाहेर नाही

इंटेलिजे किंवा एक्लिप्स हे आयडीई, म्हणजे कोड लिहायचे आणि चालवायचे प्रोग्रॅम, तुमच्यासाठी क्लासपाथ गुपचूप तयार करतात. बाहेर तो तुम्हालाच द्यावा लागतो. इंटेलिजेमध्ये प्रोग्रॅम चालवल्यावर रन खिडकीतली पहिली ओळ म्हणजे त्याने दिलेली पूर्ण आज्ञाच असते. ती आखडलेली असेल तर क्लिक करून उघडा आणि त्यातला '-क्लासपाथ' वाचा. तुमच्या आज्ञेशी ताडून पाहिलं की राहिलेली जार लगेच सापडते.

मेव्हन हे प्रकल्प बांधायचं आणि लायब्ररी आणायचं साधन वापरत असाल तर कंपाइल झालेले क्लास 'टार्गेट/क्लासेस' मध्ये असतात. लायब्ररी कुठून आल्या हे 'एमव्हीएन डिपेंडन्सी:ट्री' दाखवतं; आवृत्त्या कुठे आदळताहेत ते बघायला त्याला '-डीव्हर्बोस' जोडा. एखाद्या लायब्ररीचा स्कोप (ती कधी लागते हे सांगणारी सेटिंग) 'प्रोव्हायडेड' असेल तर ती कंपाइल करताना मिळते, पण चालवताना बाहेरचा सर्व्हर ती पुरवेल असं मेव्हन गृहीत धरतो. सर्व्हरशिवाय साधाच प्रोग्रॅम चालवत असाल तर तो स्कोप काढा, क्लास सापडेल.